स्क्रॅबल: हरलेला डाव घरी आणून पुन्हा मांडताना

सातवी_टाइल

गेल्या महिन्यात एका रविवारी सहा डावांची स्क्रॅबल स्पर्धा खेळलो. दोन जिंकलो, चार हरलो. घरी आल्यावर जेवण झालं, सगळे झोपले, आणि मी बोर्ड काढून त्यातले तीन डाव स्कोअरशीटवरून पुन्हा मांडले. रात्रीचा दीड वाजला. जे सापडलं ते इथे लिहावंसं वाटलं, कारण गेली काही वर्षं मी माझ्या चुकांचं कारण चुकीच्या जागी शोधत होतो.

थोडी पार्श्वभूमी. मी डोंबिवलीचा, शाळा पूर्ण मराठी माध्यमाची, इंग्रजी पाचवीपासून. स्क्रॅबलचा बोर्ड पहिल्यांदा पाहिला तो कॉलेजात असताना, नाताळच्या सुट्टीत वसईला मित्राच्या घरी. त्याच्या आजीने मला शेजारी बसवून खेळ शिकवला. तेव्हापासून डोक्यात एक समज पक्का बसला: हा इंग्रजीचा खेळ आहे, ज्याचं इंग्रजी मोठं तो जिंकतो. म्हणून हरलो की शब्दांच्या याद्या पाठ करायच्या. दोन अक्षरी शब्द झाले, तीन अक्षरी झाले, क्यू आणि झेडचे झाले. तरी हरण्याची पद्धत बदलेना.

ज्यांनी स्पर्धेतलं स्क्रॅबल पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी: बोर्ड १५ बाय १५ घरांचा, त्यातली काही घरं अक्षराचे किंवा शब्दाचे गुण दुप्पट-तिप्पट करणारी (डबल वर्ड, ट्रिपल लेटर वगैरे). १०० टाइल्स, म्हणजे एकेक अक्षर आणि त्याचे गुण लिहिलेल्या सोंगट्या, त्यातल्या दोन कोऱ्या म्हणजे ब्लँक. रॅकवर, म्हणजे आपल्यापुढच्या पट्टीवर, सात टाइल्स; जेवढ्या लावल्या तेवढ्या बॅगेतून पुन्हा काढायच्या. सातही एकाच चालीत लावल्या की ५० गुण जास्त, त्याला बिंगो म्हणतात. स्पर्धेत डाव दोघांतच होतो, प्रत्येकाला २५ मिनिटं. समोरच्याचा शब्द खोटा वाटला तर चॅलेंज करता येतं. आपल्याकडे कॉलिन्सची शब्दयादी चालते.

दोन वर्षांपूर्वी मी एक वही केली. प्रत्येक चुकीची चाल तीनपैकी एका रकान्यात लिहायची. ज्ञान: शब्द माहीतच नव्हता. दृष्टी: माहीत होता, पण रॅकवर दिसला नाही. निर्णय: दिसला, आणि तरी दुसरंच खेळलो. माझी खात्री होती की पहिला रकाना भरून वाहील. आज वही उघडली तर तिसरा रकाना सगळ्यांत लांब आहे. त्या रविवारच्या तीनही चुका तिसऱ्या रकान्यातल्या.

पहिली चूक छोटी. रॅक असा होता: ए, ई, आर, एस, टी, व्ही, व्ही. दोन व्ही म्हणजे घशात अडकलेलं हाड. ‘व्ही-ए-व्ही’ हा शब्द आहे, हिब्रू वर्णमालेतलं एक अक्षर. डबल वर्डवर त्याचे १८ मिळत होते. दुसऱ्या जागी तोच शब्द एस लावून ‘व्ही-ए-व्ही-एस’ असा बसत होता, आणि तोच एस बोर्डवरच्या ‘टी-ई-ए’ला लागून ‘टी-ई-ए-एस’ही होत होतं. २० अधिक ४, एकूण २४. मी २४ घेतले. सहा गुण जास्त कोण सोडणार, असं वाटलं.

पण १०० टाइल्समध्ये एस फक्त चार आहेत. आल्फ्रेड मोशर बट्स या अमेरिकन वास्तुविशारदाने १९३० च्या दशकात, मंदीत काम गेलेलं असताना हा खेळ रचला. त्याने वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावरची अक्षरं मोजून कुठली टाइल किती ठेवायची ते ठरवलं. एस मात्र त्याने मुद्दाम कमी ठेवले, नाहीतर जो तो अनेकवचनं करत बसला असता. म्हणून अनुभवी खेळाडू एका एसची किंमत साधारण आठ गुण धरतात आणि ब्लँकची पंचविसाच्या आसपास. मी आठाची वस्तू सहाला विकली.

मग बॅगेतून चार टाइल्स काढल्या: ए, आय, एन, एक्स. एस ठेवला असता तर तीनच काढल्या असत्या, आणि पहिल्या तीन होत्या ए, आय, एन. म्हणजे हातात ‘आर-ई-टी-ए-आय-एन-एस’, तयार बिंगो. त्या रात्री हे बघून मी कपाळावर हात मारला. पण नंतर विचार केला तेव्हा कळलं की मी पुन्हा चुकतोय. बॅगेतून काय आलं त्यावरून चाल बरोबर किंवा चूक ठरत नाही. ए-आय-एनच्या जागी तीन यू आले असते तरीही ती चाल चूकच होती, फक्त मला ती कधी कळली नसती. या खेळात नशीब असल्यामुळे वाईट चालीला बक्षीस मिळतं आणि चांगल्या चालीला शिक्षा होते, आणि आपण बक्षिसाकडे बघून शिकत राहतो. म्हणून आता मी टाइल्स काढायच्या आधी शीटवर एक खूण करतो: या चालीबद्दल शंका आहे का. खूण आधी, टाइल्स नंतर.

(अवांतर: आर-ई-टी-आय-एन-ए ही सहा अक्षरं हातात राहिली की काय होतं ते नवीन खेळाडूंनी जरूर करून बघावं. सातवं सी आलं तर ‘सर्टन’, जी आलं तर ‘ग्रॅनाइट’, के आलं तर ‘केराटिन’, पी आलं तर ‘पेंटर’, डब्ल्यू आलं तर ‘टिनवेअर’. मी या सहांची यादी एका वर्षात पाठ केली.)

दुसरी चूक क्यूची. डाव संपत आला होता, माझ्या हातात क्यू. बोर्डवर एक ट्रिपल लेटरचं घर असं होतं की त्याच्या बरोबर खाली आय होता. तिथे क्यू (१० गुणांचा) ठेवून उजवीकडे आणखी एक आय लावला तर ‘क्यूआय’ हा यादीतला शब्द आडवाही होतो आणि उभाही. प्रत्येकी ३१, एकूण ६२. पण दुसरा आय माझ्याकडे नव्हता. नऊपैकी आठ आय बोर्डवर गेले होते, एक न दिसलेला. न दिसलेल्या टाइल्स नऊ: सात समोरच्याच्या रॅकवर, दोन बॅगेत. दुसरीकडे एका मोकळ्या आयला क्यू लावून साधे ११ गुण तेव्हाच मिळत होते. मी ते सोडले, दुसरीच एक १३ गुणांची चाल केली आणि बॅगेतल्या दोन टाइल्समध्ये आय येईल म्हणून वाट बघितली. आय आला नाही. समोरच्याने ट्रिपल लेटरची जागा बुजवली, मग दुसरीही, आणि आपल्या टाइल्स संपवल्या. माझ्या हातात क्यू उरला, त्याचे दुप्पट म्हणजे २० गुण त्याला गेले. मी १४ गुणांनी हरलो. ११ घेतले असते तर १३ च्या जागी दोन गुण कमी, पण २० वाचले असते. म्हणजे १८ चा फरक, डाव माझा.

तिसरी चूक सांगायला मला जास्त जड जातंय.

समोरचा खेळाडू माझ्यापेक्षा वयाने लहान, इंग्रजी अगदी सहज बोलणारा, डावाआधी त्याच्या मित्रांशी गप्पा चालल्या होत्या त्या मी ऐकल्या होत्या. अर्धा डाव झाला होता, मी ३० गुणांनी पुढे. वरच्या पहिल्या ओळीत बाराव्या घरात आधीची एक टी होती. त्याने सहाव्या घरापासून तेराव्या घरापर्यंत आपल्या सात टाइल्स लावल्या आणि शब्द केला: आर-ई-एल-आय-ए-एन-टी-एस. आठव्या घरावर ट्रिपल वर्ड. आठ गुणांचे चोवीस, वर पन्नास, एकूण ७४.

‘रिलायंट’ म्हणजे अवलंबून असलेला. विशेषण आहे. त्याला एस लागतो का? मनात लगेच आलं, लागत नसावा. हात चॅलेंजसाठी उचललाही होता. मग मी त्याच्याकडे बघितलं. तो शांतपणे टाइल्स काढत होता. मला वाटलं, याला माहीत असणार. हे याचं इंग्रजी आहे. मी हात खाली घेतला.

घरी येऊन बघितलं. तो शब्द नाही. कॉलिन्समध्ये नाही, कशातच नाही.

चुकीच्या चॅलेंजला आमच्याकडे ५ गुणांचा दंड आहे. बरोबर ठरलं तर त्याचे ७४ गेले असते आणि त्याची पाळीही गेली असती. हिशेब सरळ आहे: असा शब्द शंभरातून सात वेळा जरी खोटा निघणार असेल तरी चॅलेंज करणं फायद्याचं. मला तर निम्म्याहून जास्त शंका होती.

आणि त्या रात्री बोर्ड मांडल्यावर दिसलं ते याहून महत्त्वाचं. त्याच आठ अक्षरांचे खरे शब्द आहेत: ‘एंट्रेल्स’, ‘लॅट्रिन्स’, ‘रॅटलाइन्स’, ‘ट्रीनेल्स’. मला ते सगळे माहीत आहेत. पण त्यांच्यात टी पहिली किंवा तिसरी येते. बाराव्या घरातल्या टीवर त्यातला एकही बसत नाही, बोर्ड पंधराव्या घरालाच संपतो. टी सातव्या जागी असलेला शब्दच तिथे हवा होता, आणि त्याने तो बनवला. म्हणजे त्याच्याकडे खरा शब्द असता तर त्याने तो खेळला असता. हे सगळं बोर्डवर माझ्यासमोर होतं. माझं शब्दज्ञान पुरेसं होतं. मी बोर्ड वाचायच्या ऐवजी त्याचा चेहरा वाचला आणि त्याच्या उच्चारांवर विश्वास ठेवला.

ही चूक शब्दांच्या यादीने भरून येणारी नाही. माझ्यासारखे मराठी माध्यमातून आलेले, या किंवा दुसऱ्या खेळात अशा टेबलावर बसणारे इथे असतील. तुमचे अनुभव लिहा. माझ्या हिशेबात चूक असेल तर तीही दाखवा.


शब्दवेडी

लेख दोनदा वाचला. माझी मुलगी आठवीत आहे, शाळांच्या स्पर्धा खेळते. मागच्या वेळी तिने एक चॅलेंज केलं, ते चुकलं, पाच गुण गेले आणि पुढचे दोन डाव ती एकदाही हात वर करेना. घरी येऊन रडली, म्हणाली, आई, सगळ्यांसमोर दिसलं की मला तो शब्द येत नाही. मला काय सांगावं कळेना. तुमचा शंभरातून सात वेळांचा हिशेब आज तिला वहीत लिहून दाखवणार आहे.


बुद्धिबळ६४

मी बुद्धिबळवाला. आमच्याकडे हरलो की इंजिन, म्हणजे चाली तपासणारा संगणकाचा प्रोग्रॅम, लावायचं, ते सांगतं तेविसाव्या चालीला चुकलात. वाद संपला. तुमच्या खेळात नशीब मध्ये येतं म्हणून चूक लपते हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटला. बुद्धिबळात वाईट चालीने जिंकलो तरी निदान इंजिन लाज वाटायला लावतं. स्क्रॅबलमध्ये तशी काही सोय आहे का?


सातवी_टाइल

@बुद्धिबळ६४, आहे. क्वॅकल नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे. त्यात बोर्ड आणि रॅक भरायचा, मग तो प्रत्येक संभाव्य चालीनंतर बॅगेतून निरनिराळ्या टाइल्स काढून पुढच्या काही चाली हजारो वेळा खेळून बघतो आणि सरासरी सांगतो. एकाच वेळी काय आलं यावर तो जात नाही, म्हणून उपयोगी. पण तो समोरच्याचा चेहरा बघत नाही आणि घाबरतही नाही. माझ्या तिसऱ्या चुकीबद्दल त्याच्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं.

@शब्दवेडीताई, तिला हेही सांगा की चॅलेंज म्हणजे ‘मला येत नाही’ अशी कबुली नाही. समोरच्याने शब्द ठेवला, आता तो यादीत आहे का ते बघू, एवढंच. नायजेल रिचर्ड्स हे न्यूझीलंडचे खेळाडू, इंग्रजीत पाच वेळा जगज्जेते. २०१५ साली त्यांनी बेल्जियममध्ये फ्रेंच स्क्रॅबलचं जागतिक विजेतेपद जिंकलं, फ्रेंच बोलता येत नसताना. २०२४ मध्ये ग्रॅनाडाला स्पॅनिशचंही जिंकलं. ते शब्दांकडे भाषा म्हणून नाही, अक्षरांच्या मांडणी म्हणून बघतात. ही गोष्ट मला वीस वर्षांपूर्वी कोणी सांगितली असती तर वसईच्या त्या घरात मी जरा ताठ बसलो असतो.


खाडीपलीकडे

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. क्यूच्या डावातला तुमचा १८ गुणांचा हिशेब मला पटला नाही.

एक, तुम्ही ११ ची चाल केली असती तर १३ वाल्या टाइल्स तुमच्या हातात राहिल्या असत्या. त्या खेळायला आणखी एक पाळी लागली असती. समोरचा त्याआधी बाहेर पडला असता तर त्या टाइल्सचे दुप्पट त्याला मिळाले असते. म्हणजे फरक १८ पेक्षा कमी, किती कमी ते टाइल्स कळल्याशिवाय सांगता येणार नाही.

दोन, आय बॅगेत असण्याची शक्यता नऊपैकी दोन, हा हिशेब तेव्हाच खरा जेव्हा समोरच्याच्या सात टाइल्स आंधळ्या असतात. त्या तशा नसतात. त्याने आधीच्या दोन चालींत काय खेळलं, काय टाळलं यावरून त्याच्याकडे आय असण्याची शक्यता वाढते किंवा घटते. तुम्ही त्या चाली लिहिल्याच नाहीत. शिवाय तोही ट्रॅकिंग करत होता, म्हणजे कुठल्या टाइल्स खेळून झाल्या ते टिपत होता. त्यालाही क्यू बोर्डवर दिसत नव्हता, म्हणजे तो तुमच्याकडे किंवा बॅगेत, हे त्याला माहीत होतं. ६२ ची जागा तो उघडी ठेवणारच नव्हता. आय आला असता तरी ६२ मिळाले नसते.

तीन, आणि हा खरा मुद्दा. क्यू तुमच्याकडे किती चाली होता? टाइल्स बदलायच्या तर बॅगेत निदान सात असाव्या लागतात. तेवढ्या होत्या तेव्हा तुम्ही क्यू बदलून का घेतला नाही? माझ्या मते डाव तिथे गेला. शेवटच्या चालीत फक्त पावती मिळाली.


सातवी_टाइल

@खाडीपलीकडे, राग कसला, यासाठीच लिहिलं. शीट पुन्हा काढली. क्यू माझ्याकडे पाच चाली होता. तो आला तेव्हा बॅगेत सोळा टाइल्स होत्या. त्या वेळी बदलायचा विचार मनात आलाच नाही असं नाही, आला होता. पण पाळी वाया जाईल असं वाटलं, आणि मी २१ गुणांची चाल केली. पुढच्या वेळी अठराची. प्रत्येक चाल सुटी सुटी बघितली तर ठीक होती. पाचही एकत्र बघितल्या तर मी सहाच टाइल्सनी खेळत होतो, सातवी अडकलेली.

दुसरा मुद्दाही मान्य. वहीत दुरुस्ती केली: चूक शेवटून पहिली नाही, शेवटून पाचवी.


अबुधाबीकर

इथे आखातात शुक्रवारी आमचा गट खेळतो, त्यात केरळचे, गोव्याचे, फिलिपिनो, नायजेरियन सगळे. नायजेरियन मंडळींकडून एक शिकलो. ते प्रत्येक वेळी बिंगोच्या मागे धावत नाहीत. २०१५ मध्ये पर्थला वेलिंग्टन जिघेरे जगज्जेते झाले, आफ्रिकेतले पहिले, अंतिम फेरी ४-० जिंकली. त्यांच्या देशातल्या खेळाडूंची पद्धत अशी की पाच-सहा अक्षरी नेटका शब्द लावायचा, चांगल्या टाइल्स हातात ठेवायच्या, समोरच्याला मोठ्या शब्दासाठी जागा उघडून द्यायची नाही. लेखकाच्या व्हीएव्हीच्या गोष्टीशी हे जुळतं. दिसतात किती गुण आणि राहतं काय, दोन्ही बघायचं.

मराठी माध्यमाबद्दल: माझंही तसंच, शाळा साताऱ्याची. पण आपला एक फायदा आहे तो कोणी बोलत नाही. कॉलिन्समध्ये आपल्याकडचे ढीगभर शब्द आहेत आणि समोरच्या गोऱ्या खेळाडूला ते परके. घेराव, बंद, धरणे, तालुका, लाठी, मेळा, थाळी. अडचण स्पेलिंगची. तूप, म्हणजे ‘घी’, एच घालून दोन ई लावूनही चालतं आणि एका आयनेही. साडी एका आयनेही आणि दोन ईंनीही. पुरी यूनेही, दोन ओंनीही. धोतीची तर अनेक रूपं. आपल्याला वाटतं आपला शब्द, म्हणून आपण यादी बघत नाही आणि तिथेच मार खातो. मी एकदा खात्रीने एक खाद्यपदार्थ लावला, यादीत नव्हता. माझ्या रकान्यात तो ‘ज्ञान’मध्ये गेला असता, पण खरं तर तोही निर्णयच. तपासलं नव्हतं हे मला माहीत होतं.


सातवी_टाइल

‘मोर्चा’ही आहे, एम-ओ-आर-सी-एच-ए. हीच सहा अक्षरं फिरवली की ‘क्रोमा’. हा मला एका जुन्या खेळाडूने दाखवला तेव्हा झालेला आनंद अजून आठवतो.


गोदाकाठ

मी शिक्षिका, नाशिक जिल्ह्यात. तुमचा खेळ मला येत नाही, पण वर्गात मराठीत असाच एक प्रयोग केला म्हणून लिहिते. पुठ्ठ्याच्या टाइल्स कापल्या. पहिल्या वेळी पूर्ण अक्षरं लिहिली: का, कि, की, कु. शंभर टाइल्समध्ये बाराखडी मावेना, मुलांना शब्द जुळेनात. मग व्यंजनं वेगळी आणि काना, वेलांटी, उकार, मात्रा यांच्या छोट्या पट्ट्या वेगळ्या केल्या, त्या टाइलच्या वर किंवा बाजूला लावायच्या. जोडाक्षरांसाठी अर्ध्या टाइल्स. तेव्हा खेळ चालायला लागला. र, त, क, न सगळ्यांना हवे असायचे. ळ आणि ण आले की मुलं सुरुवातीला तोंड वाकडं करायची, आता ‘बाळ’, ‘केळं’, ‘पाणी’, ‘वाण’ अशी जागा शोधतात.

तुमचं वाचून एक केलं. मुलांना खेळ झाल्यावर विचारलं, कुठे चुकलात? सगळ्यांनी शब्द सांगितला. एकाही मुलाने ‘मी ती टाइल तेव्हा वापरायला नको होती’ असं सांगितलं नाही. पुढच्या शनिवारी तुमचे तीन रकाने फळ्यावर आखणार आहे.


हडसनकाठ

न्यू जर्सीहून. अमेरिकेत नियम वेगळा, चुकीचं चॅलेंज केलं तर तुमची पूर्ण पाळी जाते. त्यामुळे इथे खोटा शब्द दडपून लावणाऱ्याला जास्त वाव असतो आणि चेहरा, आत्मविश्वास, टाइल्स काढण्याची घाई यांना किंमत येते. तुमच्या पाच गुणांच्या नियमात चेहऱ्याला काडीची किंमत नसायला हवी. तरी तुम्ही चेहराच बघितलात. माझ्या बाबतीत इथे हे रोज होतं, खेळात नाही, ऑफिसच्या मीटिंगमध्ये. समोरच्याने सफाईने सांगितलं की आकडा तपासायची हिंमत होत नाही. नंतर तपासलं की निघतो चुकीचा. तुमचा तिसरा प्रसंग वाचताना मला आपलीच गोष्ट वाचल्यासारखं झालं.


खाडीपलीकडे

आणखी एक प्रश्न. रिलायंट्सच्या डावात घड्याळात किती वेळ होता? २५ मिनिटांच्या पुढे गेलं की मिनिटाला १० गुण जातात, त्या धाकाने लोक चॅलेंज टाळतात. तेही कारण असू शकतं.


सातवी_टाइल

शीटवर वेळ लिहिलेली आहे. माझ्याकडे चौदा मिनिटं होती. वेळ हे कारण नव्हतं. कारण मी लेखात लिहिलं तेच होतं.


शब्दवेडी

काल मुलीचा क्लबमध्ये सराव होता. तिने दोन चॅलेंज केली. एक बरोबर, एक चूक. येताना रिक्षात स्वतःहून हिशेब मांडला, सत्तावीस गुण वाचले, पाच गेले, बावीस नफा. एवढंच कळवायचं होतं. धन्यवाद, दादा.


सातवी_टाइल

ताई, फार बरं वाटलं.

या रविवारी मीही खेळलो, तेही लिहितो. चौथा डाव, समोर योगायोगाने तोच मुलगा. डाव अगदी बरोबरीत चाललेला. त्याने डबल वर्डवर सातही टाइल्स लावल्या: एन-ए-आर-टी-जे-आय-ई. चौदाचे अठ्ठावीस आणि पन्नास, ७८. मी हा शब्द आयुष्यात पाहिला नव्हता. रेटिनाची सहा अक्षरं आणि जे. माझ्या यादीत जे नव्हताच, मी धरून चाललो होतो की जे लागत नाही. या वेळी मी त्याच्याकडे बघितलं नाही, बोर्डकडे बघितलं आणि चॅलेंज केलं.

शब्द बरोबर निघाला. दक्षिण आफ्रिकेतलं छोटं गोड संत्रं, आफ्रिकान्समधून आलेला शब्द, आणि तिथे तो तमिळमधून गेलेला. माझे पाच गेले. डाव मी तीन गुणांनी हरलो. चॅलेंज केलं नसतं तर दोन गुणांनी जिंकलो असतो.

घरी येऊन वही उघडली. ‘ज्ञान’च्या रकान्यात तो शब्द लिहिला. ‘निर्णय’च्या रकान्यात काही लिहिलं नाही. डावानंतर त्या मुलाशी पहिल्यांदा बोललो. त्याला रिलायंट्सचं विचारलं. तो म्हणाला, त्या दिवशी टाइल्स काढताना त्याचे हात थरथरत होते.


खाडीपलीकडे

चॅलेंज बरोबरच होतं. आता त्या डावाचा पूर्ण बोर्ड टाका. तीन गुणांचा डाव आहे, पाच गुण आणखी कुठेतरी नक्की सापडतील.